गुरुग्रामचा वन्स मोअर

मुनिरका, नवी दिल्ली
१४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मागच्या पत्रातला माझा साष्टांग नमस्कार तू लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलास, म्हणून या वेळी नुसता नमस्कार. त्यात चुकायला जागा नाही.

तू लिहितेस की फोनवर तुला काही ऐकू येत नाही, उत्तरा नुसती पोस्टरं पाठवते, आणि मी दिल्लीत रिकामा आहे तर जाऊन तुझ्या लेकीचं काय चाललंय ते बघून यावं. रिकामा आहे हे तुला बाबांनी सांगितलं असणार. त्यांना सांग, यूपीएससीचा क्लास मी सोडलेला नाही, क्लासने मला सोडलंय. मधे दोन महिने स्पीतीत टुरिस्ट फिरवत होतो. तेही सुटलं. टुरिस्ट फार प्रश्न विचारतात.

गेल्या गुरुवारी गुरुग्रामला निघालोच होतो. पण माझा रूममेट अंशुमन, त्याला माकड चावलेलं, त्याला इंजेक्शनसाठी हिंदूराव इस्पितळात जायचं होतं. एकटा जायला घाबरत होता, म्हणून मी बरोबर गेलो. मग तिथल्याच रिजवर, टेकडीवरच्या जंगलात भटकलो. ग्वाल्हेरहून आलेल्या मराठी माणसाच्या नावाचा एवढा मोठा दवाखाना, आणि रांगेतल्या एकालाही हिंदूराव कोण ते सांगता आलं नाही. अर्धा दिवस लोकांना तेच विचारत होतो. असो. गुरुग्राम बरोबर उलट्या दिशेला, त्यामुळे खेळ शनिवारी पाहिला.

नाव ‘मयूरमहल’. दारात फायबरचे सहा हत्ती, आत पॉपकॉर्न, आणि स्टेजवर एक महाल, जो बटण दाबलं की गोल फिरतो. नाटक म्हणजे लग्नाचा हॉल, फक्त जेवण नाही. हीरो दोरीवरून खाली येतो आणि सेटवरच्या कारंज्याला हात लावून वडिलांची शपथ घेतो. बाजूचे अंकल म्हणाले, “पैसा वसूल है यार.” तुझी उत्तरा राणी आहे. चौतिसाव्या वर्षी अठराची. घागऱ्यात बल्ब आहेत, ते तिसऱ्या गाण्यात लागतात. लोक तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या वाजवतात. म्हणजे टाळ्या बल्बांना.

गाते का? गाते बहुतेक. आवाज छतातून येतो, खुर्चीखालून येतो, उत्तराकडून तेवढा येत नाही.

नंतर आत जाऊन भेटलो. म्हणाली, “तू? तिकीट काढलंस की पास?” मी म्हटलं, “भिंत चढून.” हसली नाही.

मानस


नाशिक
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मानस,

अनेक आशीर्वाद, जरी त्यांचा तुझ्यावर परिणाम झालेला मी पाहिलेला नाही.

मी तुला गळ्याचं विचारलं होतं. तू हत्तींचं लिहिलंस, माकडाचं लिहिलंस. तुला पाच मिनिटं एका जागी बसवता आलं असतं तर तुझ्या बापाचे निम्मे केस काळे राहिले असते.

नीट ऐक. तुझ्या काकांच्या नोकरीपायी मी तीस वर्षं दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये काढली. शेजारची पंजाबीण रेडिओ लावायची त्याच्या वर माझा आवाज जायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक संगीत नाटकात गायले. उत्तरा सहा वर्षांची असताना माझ्याबरोबर उभी राहिली आणि पहिल्याच पदाला तिने सभागृह गप्प केलं. तो गळा घेऊन ती मुंबईला गेली. सहा वर्षांत मिळवलं काय? एका सिनेमात साडेतीन मिनिटं, त्यातलं दीड मिनिट पाठमोरी. एका मालिकेत देवीची बहीण. देवीसुद्धा नाही. आता ही सर्कस.

आवाज तिच्याकडून येत नाही म्हणजे काय? तिचा गळा बरा आहे की नाही, एवढं एकच मला हवं आहे. जवळ जाऊन ऐक आणि लिही.

तुझी,
कुमुदआत्या


मुनिरका
९ डिसेंबर २०२४

आत्या,

तू जवळ जा म्हणालीस, मी इतका जवळ गेलो की नोकरीच लागली. हसू नकोस. साउंडच्या टेबलावर गौरव नावाचा मुलगा बसतो, रोहतकचा. त्याला मदतनीस हवा होता. नटांच्या कानामागे चिकटवायचे माईक असतात, त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, घाम पुसायचा, टेप लावायचा. शिक्षण विचारलं नाही. अशी जागा मला पहिल्यांदाच मिळाली.

आता गळ्याचं. बस, मग वाच.

उत्तरा गात नाही. कुणीच गात नाही. बोलणं खरं असतं, पण गाणी तीन वर्षांपूर्वी स्टुडिओत भरून ठेवलीत. गाणं आलं की गौरव लॅपटॉपवर स्पेस दाबतो, ट्रॅक सुरू होतो, आणि राणीसाहेब तोंड हलवतात. आठवड्याला सात खेळ. आवाज तिचाच आहे, तेवढं खरं. पण तीन वर्षांपूर्वीचा. परवा तिला गाण्याच्या मधे ठसका लागला, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि वरून तान चालूच! लोकांनी टाळ्या दिल्या. मी बॅटऱ्या पाडल्या.

मी गौरवला विचारलं, हे फसवणं नाही का? तो म्हणाला, “भाई, बल्ब भी तो नकली मोर के हैं.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्याने बोलणं संपलं.

तर तुझ्या लेकीचं करिअर हे असं. सुंदर कपडे घालून स्वतःची नक्कल करते. आणि तोरा काय! मला आत ‘भैया’ म्हणते, इथे रिक्षावाल्याला म्हणतात तसं, म्हणजे नातं कळायला नको.

इथल्या कँटीनचे छोले मात्र चांगले आहेत.

मानस


नाशिक
२० डिसेंबर २०२४

चि. मानस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्यासारखं नव्हतं.

मी १२ जानेवारीला, रविवारी, खेळाला येते आहे. मंडळाच्या सूर्यकांतरावांना लिहिलं होतं. ते जुन्या मंडळींसह बस काढताहेत. चाळीस जण आहोत. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरून दोनला निघू. उत्तराला आम्ही येतोय एवढंच सांग. तू मला काय लिहिलंस ते सांगू नकोस.

कुमुदआत्या


सेक्टर ४६, गुरुग्राम
३० डिसेंबर, सोमवार

मानस,

मी लिहिते आहे कारण सोमवारी मी बोलत नाही. का ते पुढे. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू स्क्रीनशॉट फिरवशील, म्हणून कागद. वाचून फाड. माझं मराठी वाकडं आहे, आईसारखं लाल पेन घेऊन बसू नको.

आई चाळीस लोकांची बस घेऊन येते आहे हे तू मला बॅटरी बदलता बदलता सांगतोस? आणि तोंडावर ते हसू. तू तिला काय काय लिहिलं असशील मला बिल्कुल माहीत आहे. तुला वाटतं मला आळस आहे, म्हणून मी गात नाही. तुला सगळ्यांच्या कामाला हसता येतं यार, कारण तुझं स्वतःचं कोणतंच काम सहा महिन्यांच्या वर टिकलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठी होत्या. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण वरचे सूर सांगता येत नाहीत. आले नाहीत. बोलू शकते, खाली थोडं गाऊ शकते. सोमवारी पूर्ण मौन. कंपनीत कुणालाच माहीत नाही, आईला तर नाहीच. जो आवाज तुला छतातून ऐकू येतो तो ऑपरेशनच्या आधीचा आहे. तो ट्रॅक आहे म्हणून मी आहे. त्याच्याशिवाय मी कोण? घागरा.

आता मेन गोष्ट. ‘मयूरमहल’चा सिनेमा होतो आहे. सिनेमावाले राणी शोधताहेत आणि बारा तारखेच्याच खेळाला मला बघायला येणार आहेत. चौतीस वर्षांच्या बाईला लीड दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मला हा रोल पाहिजे. साडेतीन मिनिटांची बाई म्हणून मला मरायचं नाही.

तर तू आईला काही बोलू नको, मंडळाच्या लोकांना मागच्या रांगेत बसव, आणि दोन तास हात खिशात ठेव. एवढं जमेल?

उत्तरा


मुनिरका
१६ जानेवारी २०२५

आत्या,

तू खेळ संपल्यावर कुणाशी न बोलता बसमध्ये जाऊन बसलीस आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला निघूनही गेलीस. म्हणून लिहितोय, आत काय झालं ते.

चाळीस माणसं रेशमी साड्या नि कोट घालून त्या पॉपकॉर्नमध्ये बसलेली बघून मला आधीच हसू येत होतं. सूर्यकांतराव फायबरच्या हत्तीबरोबर फोटो काढत होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळं ठीक होतं. राणी कारंज्यापाशी बसते, तान वर जाते, बल्ब लागतात, टाळ्या. आणि मग तू उठलीस. पाचव्या रांगेत (मी तुम्हाला मागे बसा म्हटलं होतं), शाल सावरून. इतका मोठा आवाज तुझ्यात अजून आहे हे मला माहीत नव्हतं.

“वन्स मोअर!”

तुझ्यामागे चाळीस जण. “वन्स मोअर! वन्स मोअर!” बाकीच्या आठशे लोकांना वाटलं, हे खेळातलंच आहे. तेही ओरडायला लागले. आणि ट्रॅक बंद पडला. गौरव घाबरला आणि त्याने बंद करून टाकला. पुढच्या प्रवेशाची नगारे-तुताऱ्यांची धून नुकती सुरू झाली होती, ती मधेच तुटली. महाल फिरायला लागला होता, तोही अर्धवट थांबला. दोन सैनिक भिंतीत अडकले.

उत्तरा उभी होती. मला वाटलं, आत पळेल. तिने वर बघितलं, आवाज जिथून येतो तिकडे. तिथून काही आलं नाही. मग तिने तुझ्याकडे बघितलं आणि गायला लागली. माईक बोलण्यासाठी चालूच होता. पेटी नाही, तबला नाही. खालच्या पट्टीत. वर जायची जागा आली तिथे आवाज फाटला, ती थांबली, परत खालून गेली. पूर्ण केलं गाणं. कुणी पॉपकॉर्न खाल्लं नाही.

सिनेमावाले तिघे पहिल्या रांगेत होते. मध्यंतरात निघून गेले.

गौरवला त्याच दिवशी काढलं. दिग्दर्शक दिलीपजी म्हणाले, एक बटण सांभाळता येत नाही.

एक विचारू? तू असं का केलंस?

मानस


नाशिक
२८ जानेवारी २०२५

चि. मानस,

का केलं? तुझ्या पत्रामुळे केलं. माझी लेक तोंड हलवते, हे तू छोल्यांच्या शेजारी लिहून पाठवलंस. मला बघायचं होतं, टेपला वन्स मोअर दिला तर टेप काय करते. टेप पुढे जाणार, ही बाहुलीसारखी उभी राहणार, चाळीस माणसांसमोर. मुंबईला जाताना मी तिला सांगितलं होतं, तू गळा विकशील. मला खरं ठरायचं होतं. आईने असं करावं का, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. कानातलं हे मशीन स्पीकरच्या गोंगाटात निव्वळ पिठाची गिरणी होतं. पाऊण तास मी तिचं एक अक्षर ऐकलं नाही. टाळ्यासुद्धा लोकांचे हात बघून ओळखल्या. ट्रॅक बंद झाला आणि गिरणी थांबली. मग जे ऐकलं ते सगळं ऐकलं. ती मुंबईला गेल्यापासून पहिल्यांदा, अकरा वर्षांनी.

पंचमाच्या वर गळा नाही. श्वास अर्ध्यात संपतो. हा थकलेला आवाज नाही, कापलेला आहे. मी सत्तर वर्षं गळेच ऐकत आले. ऑपरेशन केव्हा झालं? तुला माहीत होतं, आणि तू हत्ती लिहीत बसलास.

वन्स मोअर आला की नाही म्हणायचं नाही, हे मीच तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. नसतं शिकवलं तर ती आत गेली असती आणि तिचा सिनेमा वाचला असता.

त्या गौरवला माझा आशीर्वाद सांग. त्या कारखान्यात एकच माणूस निघाला ज्याला हात थांबवायचा कुठे ते कळलं. मराठीही नाही बिचारा.

कुमुदआत्या


मुनिरका
१८ मार्च २०२५

आत्या,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. मधे ऋषिकेशला राफ्टिंगवाल्यांकडे होतो, तिथून मथुरा, तिथे एक जण भेटला जो फक्त कुलुपं जमवतो... जाऊ दे. तुझा आशीर्वाद खिशात घेऊन फिरत होतो. तो गौरवला देता येत नव्हता.

गौरव टेबलावर नव्हताच. तो मागे सिगारेट ओढायला गेला होता, “दो मिनट देख ले” म्हणून. ट्रॅक मी बंद केला.

मुद्दाम नाही, गं. उत्तराने मला हात खिशात ठेवायला सांगितलं होतं. पण तुमच्याकडे सुट्टीत मी मंडळाची किती नाटकं बघितली असतील. वन्स मोअर आला की पेटीवाला थांबतो, कथा थांबते, मरून पडलेला राजासुद्धा उठून परत गातो. आपल्यात कुणी त्यावर विचार करत नाही. तू ओरडलीस आणि माझं बोट स्पेसवर गेलं. गेल्यावर कळलं की इथे पेटीवाला मी आहे आणि पेटी नाही.

गौरवला बोलता येईना, कारण टेबल सोडणं जास्त मोठा गुन्हा. मला बोलता येत होतं, मी बोललो नाही. दोन महिने बॅटऱ्या बदलत राहिलो, सुट्ट्या घेत राहिलो. गेल्या आठवड्यात दिलीपजींना जाऊन सांगितलं. त्यांनी मला काढलं. गौरवला परत घेतलं नाही. म्हणाले, टेबल सोडलं होतं ना, मग बरोबरच काढला. खरं बोलून मी त्याचं एवढं भलं केलं.

उत्तराला सांगितलं. सोमवार होता, तिने फक्त दाराकडे बोट दाखवलं.

तुला आता ओरडायचं असेल तर लाल पेनाने लिही.

मानस


सेक्टर ४६, गुरुग्राम
७ एप्रिल २०२५, सोमवार

आई,

मी तुला पत्र कधी लिहिलं नाही. पोस्टर पाठवायची, कारण त्यात माझा फोटो चांगला यायचा आणि तू काही दुरुस्त करू शकायची नाहीस.

सिनेमा मिळाला नाही. पण माझा आवाज त्यांनी घेतला आहे. ट्रॅक कंपनीचा आहे, मी तेव्हा न वाचता सही केली होती. चेहरा एका तेवीस वर्षांच्या मुलीचा, आवाज माझा, ऑपरेशनच्या आधीचा. अच्छा दिसेल. थिएटरात जाऊन मी ऐकेन की नाही माहीत नाही.

आता इथली गंमत. बारा तारखेचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तो फार फिरला. लोक तिकीट काढताना विचारतात, गाणं बंद पडतं तो खेळ कोणता? म्हणून दिलीपजींनी ठरवलं, रोज बंद पाडायचं. पाचव्या रांगेत एक बाई बसवणार, शाल घेतलेली, ती ओरडणार. बायकांच्या ऑडिशन झाल्या. एकीने मला विचारलं, “मैम, ये ‘वन्स मोर’ ग़ुस्से में बोलना है या प्यार से?” तुलाच माहीत.

मला वाटलं, चलो, एक गाणं तरी मी रोज खरं गाईन. तर मला स्टुडिओत बोलावलं. म्हणे तो फाटलेला आवाज एकदा नीट भरून द्या, त्याचाही ट्रॅक करू. मी म्हटलं, हे मी रोज स्टेजवर गाईन, आहे तसं. दिलीपजी खूप प्रेमाने म्हणाले, “उत्तरा जी, और किसी दिन आवाज़ अच्छी निकल गई तो?”

मी माईकसमोरून उठले. तीस तारखेला शेवटचा खेळ केला, घागरा परत दिला. मी बल्ब काढून घेतले नाहीत ना, ते कंपनीवाले मोजत होते.

डॉक्टर म्हणतात, खालून रोज मेहनत केली तर थोडं वाढेल, किती ते सांगत नाहीत. आता मी पट्टी खाली उतरवून काळी तीनमध्ये गाते. तू ऐकलंस, तुला माहीत आहे. मानसचं नाव माझ्यासमोर काढू नको. पण तो रोज सकाळी मुनिरक्याहून येऊन माझ्या दारात दूध ठेवून जातो, दूधवाल्या भैयासारखा, आणि मी ते घेते.

मी शनिवारी नाशिकला येते. पेटी काढून ठेव. तुला कमी ऐकू येतं हे मला नको सांगू. मशीन लाव आणि समोर बस. जेवढं तुला ऐकू येईल तेवढंच माझं.

उत्तरा